भुरीच्या कानामागचा चट्टा

आमच्या घरी मांजराला नाव ठेवायची रीत नव्हती. बैलांना नावं, गाईला नाव, एका खोडील म्हशीला तर दोन नावं होती, त्यातलं एक शिवीच होतं. मांजर मात्र नुसतं मांजर. त्यानं कणगीभोवती फिरावं, उंदीर धरावेत, आणि चुलीजवळ दिसलं की मायनं उलथणं उगारून "शुक" म्हणावं, एवढाच त्याचा आमचा व्यवहार. वहिनी आली आणि पहिल्याच दिवशी भाकरी थापता थापता मला हळूच म्हणाली, "भुरीला दूध कोण टाकतं?" मी म्हटलं, "भुरी कोण?" तिनं कणगीकडं बोट दाखवलं. तेव्हापासून ते मांजर भुरी झालं. आबासुद्धा भुरी म्हणायला लागले. माय तेवढी म्हणत नव्हती.

वहिनी कयाधूच्या काठच्या एका खेड्यातली. आमचं गाव वारंगा फाट्याच्या अलीकडं, काळ्या रानात. तिच्या माहेरी घरभर मांजरं होती, असं ती सांगायची. सांगायची म्हणजे मलाच, आणि तेही जात्यावर, कारण जात्याच्या घरघरीत माजघरातल्या माणसाला काही ऐकू जात नाही. बाकी दिवसभर तिचा आवाज म्हणाल तर बांगड्यांचा. माझ्याहून ती सात-आठ वर्षांनी मोठी, मी तेव्हा परकरी पोर. पहाटे दोघी दळायला बसायचो, ती ओव्या न म्हणता मांजरांच्या गोष्टी सांगायची. कोणतं मांजर कुठं व्यालं, कोणत्या बोक्यानं कुणाची साय खाल्ली. मला मांजराचं भ्या होतं, लहानपणी एकीनं गालावर ओरबाडलं होतं, तर मी आपली जात्याच्या या बाजूला आणि भुरी त्या बाजूला वहिनीच्या मांडीला लागून. रात्रीही भुरी तिच्याच गोधडीत शिरायची. परक्या घरी आलेल्या पोरीला तेवढीच ऊब होती, हे आता कळतं.

माय आमची भारी टापटिपीची. ज्वारी दोनदा पाखडणार, अंबाडीची भाजी चारदा धुणार, माळवदावर वाळत घातलेल्या गोधड्या उलथ्यापालथ्या करून पाहणार. गावात म्हण झाली होती की हिच्या घरचं सारवण चाटून घ्यावं. अशा बाईच्या नजरेतून सुनेच्या हातावरचे चट्टे सुटले कसे, याचं मला आजही नवल वाटतं. की सुटले नव्हते आणि ती पाहून न पाहिल्यासारखं करत होती, देव जाणे.

पावसाळ्याचे दिवस होते. वहिनीच्या कोपराच्या आतल्या बाजूला आधी एक चट्टा आला, मग दोन, मग एक मानेवर. गोल, कडेला लालसर, मधे फिकट. ती पदरानं झाकायची. नदीवर धुणं धुताना पदर कुठवर पुरणार? शेजारच्या कौतिकाकाकूंनी पाहिलं. या बाईच्या पोटात पाणी राहायचं नाही, आणि नदीवर तर पाणीच पाणी. संध्याकाळी विस्तव मागायच्या निमित्तानं आल्या आणि मायला दारातच म्हणाल्या, "अवं, सुनंच्या हातावरलं पाह्यलं का? गोल हाय. पांढरट हाय. माझ्या मामंजींचंबी अस्संच सुरू झालं व्हतं."

त्यांच्या मामंजींना रगतपिती, म्हणजे महारोग, झाली होती. गावाबाहेरच्या झोपडीत राहून ते तिथंच गेले. रगतपिती हा शब्द आमच्या घरी कुणी उच्चारत नसे, उच्चारला तर घरात येते म्हणून. कौतिकाकाकूंनीही तो उच्चारला नाही. माय मात्र पांढरीफटक पडली. तिच्या पोटी एकुलता लेक आणि लग्नाची लेक, म्हणजे मी. त्या रात्री ती जेवली नाही.

आणि भुरी? भुरीच्या कानामागचे केस गेले होते. पुढच्या पायावर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती, तिच्यावर राख भुरभुरल्यासारखा कोंडा. ती मागच्या पायानं कान खाजवत बसायची आणि तिच्या पायाचा ठक ठक आवाज सारवलेल्या भुईवर यायचा. तो आवाज आम्ही सगळे रोज ऐकत होतो. आबा म्हणायचे, "पावसाळ्यात मांजर झडतंयच." माय म्हणायची, "गोचीड असंल." एवढ्यावर मांजराचा विषय संपायचा. एकाच घरात दोघींच्या अंगावर एकसारखी वर्तुळं, एक दुसरीच्या गोधडीत झोपणारी, आणि आम्हा शहाण्यांपैकी एकालाही दोन आणि दोन चार करता आले नाहीत. डोळे होते, पण मांजराकडं पाहायला ते नव्हतेच मुळी.

आमच्याकडं त्या रोगाची एक परीक्षा होती. चट्ट्यावर काटा टोचायचा. दुखलं तर साधं काही. नाही दुखलं, तर तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी मायनं बाभळीचा लांब काटा आणला, वहिनीला दारातल्या उजेडात बसवलं आणि म्हणाली, "तिकडं पाह्य. भिताडाकडं." का, ते सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे तो शब्द तोंडी घ्यायचा. वहिनीनंही विचारलं नाही, सुनेनं सासूला काहून म्हणून विचारायचं नसतं. मी उंबऱ्यावर शेंगा फोडत होते. मायनं काटा टोचला. वहिनी हलली नाही. मायनं आणखी जोरानं टोचला, रक्ताचा थेंब आला. वहिनी भिंतीकडं बघत तशीच.

"काही लागून राह्यलं का गं?" मायनं विचारलं.

"न्हाई, आत्याबाई," वहिनी म्हणाली. गोड आवाजात म्हणाली, शिकवल्यासारखं.

मायच्या हातातला काटा खाली पडला. ती उठून देवघरासमोर जाऊन बसली. वहिनीला वाटलं आपण परीक्षेत उतरलो. ती माझ्याकडं बघून जराशी हसलीसुद्धा.

तिची थाळी वेगळी झाली. पाण्याचा तांब्या वेगळा झाला. तिला कुणी काही म्हणालं नाही, हे आणखी वाईट. चार दिवसांनी आबांनी बैल जुंपले. सून माहेरी निघाली की खणानारळानं ओटी भरतात, दहीभात हातावर देतात. मायनं ओटी भरली नाही. तिनं घरात तोंड लपवलं, आणि दादा, आमचा शूर दादा, सकाळीच शेताकडं निघून गेला होता. तो वाईट माणूस नव्हता. मायचा शब्द आणि बायको यांच्यामधे उभं राहायला जी छाती लागते ती त्याच्याजवळ नव्हती, एवढंच. वहिनी गाडीत बसली तेव्हाही तिला कळलेलं नव्हतं की तिला कशासाठी धाडून राहिलेत. तिनं मला विचारलं, "यमे, माझं काही चुकलं का गं?" मी नाही म्हणून मान हलवली. गाडी वेशीबाहेर जाईतो भुरी मागं मागं गेली आणि मग शेपूट वर करून परत आली.

वहिनीची गोधडी मायनं जाळली नाही. चांगली गोधडी जाळायला तिचा हात होईना, म्हणून गोठ्याच्या कोपऱ्यात टाकून दिली. भुरी तिच्यावर व्याली. तीन पिल्लं झाली, आणि वहिनी गेल्यापासून मायचं काहीतरी बिनसलंच होतं म्हणा, ती त्या पिल्लांपाशी जाऊन बसायला लागली. जन्मभर उलथणं उगारणारी बाई भाकरीचा कुस्करा दुधात कालवून गोठ्यात न्यायची आणि पिल्लं पदरात घेऊन बसायची. आबा मला खूण करायचे, काही बोलू नको म्हणून. इकडं कौतिकाकाकूंनी दादासाठी दुसरी पोरगी सुचवली होती. मुलीच्या बापाचा निरोप दोनदा येऊन गेला. माय "बघू" म्हणायची.

दसऱ्याच्या सुमाराला एके सकाळी मी मायच्या पाठीवर पाणी घालत होते. तिनं हात वर केला आणि मी पाहिलं. दंडाच्या आत, गोल, कडेला लालसर, मधे फिकट. मी किंचाळले असावे, कारण तिनं माझं तोंड ओल्या हातानं दाबलं. "कवापासून हाय ते मला म्हाईत हाय," ती म्हणाली, "बोंबलू नको." म्हणजे ती कितीतरी दिवस तो चट्टा चोळीच्या बाहीत घेऊन हिंडत होती, आणि त्याच रोगापायी घालवलेल्या सुनेची जागा भरायचे निरोप "बघू" म्हणत झुलवत होती. अंग पुसून ती परसात गेली. बाभळीचा काटा तोडला. भिंतीकडं तोंड करून बसली. मी दारात उभी.

"अगायायायाऽ!" अशी बोंब उठली की गोठ्यातली म्हैस उभी राहिली. आबा हातातली वैरण टाकून पळत आले. त्यांना वाटलं इंचू चावला.

माय दंड धरून बसली होती. रडत होती की हसत होती, सांगता येत नव्हतं. "दुखलं," ती म्हणाली. "अवं, लई दुखलं." मग तिची नजर गोठ्याकडं गेली. उठून तिनं एक पिल्लू उचललं, उन्हात धरलं, कानामागचे केस बोटांनी बाजूला केले. मग दुसरं. मग भुरीला मानेला धरून उलटंपालटं केलं. सगळ्यांच्या अंगावर तीच वर्तुळं. "हे मांजराचं हाय," ती आबांना म्हणाली. "पोरगी त्याला घेऊन निजायची, तिला झालं. मी मांडीवर घेतलं, मला झालं. सारं मांजराचं हाय." आणि मग एकदम, "पर मला दुखलं. तिला काहून न्हाई दुखलं?"

आबा तसे कमी बोलणारे. ते म्हणाले, "दुखलं असंल की."

"मंग बोलली काहून न्हाई?"

"तू बोलली व्हतीस का माझ्या मायसमोर? पायावर इळा पडला व्हता तुझ्या. रगात वाहून राह्यलं आन् तू म्हणं, काई न्हाई झालं, आत्याबाई."

माय त्या दिवशी सबंध दिवस परसातच बसून होती. मी भाकरी थापल्या, त्या जाड्या झाल्या, कुणी नावं ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशीच गाडी जुंपून जायला हवं होतं. पण माय म्हणाली, "आधी मांजर बरं करते. खरंच तेच हाय का, पक्कं तर होऊ दे." माझ्या मते ती भीत होती. कोणत्या तोंडानं जाऊ, हेच खरं. पण बरं करायचं म्हटल्यावर तिची टापटीप जागी झाली. मांजरं तिनं एका खोलीत कोंडली. कातरीनं चट्ट्याभोवतीचे केस कापले आणि ते केस चुलीत टाकले. बांधावरचा तरोटा, म्हणजे टाकळा, तेव्हा शेंगांवर आला होता. त्याचं बी ताकात भिजवून पाट्यावर वाटलं आणि तो लेप आधी स्वतःच्या दंडाला लावला, आग होते का बघायला, मग मांजरांना. वहिनीची गोधडी, आमच्या सगळ्यांच्या गोधड्या राखेच्या पाण्यात उकळल्या आणि माळवदावर कडक उन्हात टाकल्या.

अडचण एकच. मांजर लेप चाटून टाकायचं. चाटला की लेपही जातो आणि पोटही बिघडतं. एक पिल्लू दोन दिवस ओकत होतं, मायनं त्याला ताकाची निवळी पाजून जगवलं. शेवटी आबांनी युक्ती काढली. खळ्यावर बैलांनी कणसांना तोंड लावू नये म्हणून आपण मुसकं बांधतो ना, तसलंच इवलंसं मुसकं त्यांनी अंबाडीच्या सुतळीचं विणलं आणि लेप वाळेतो भुरीच्या तोंडाला बांधलं. भुरीनं त्यांच्या हाताच्या चिंध्या केल्या. "लई तकलीफ हाय बाबा या जातीची," ते म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायचे. परवा माझी नात तिच्या मांजराला डॉक्टरकडून घेऊन आली, तर त्याच्या गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं! चाटू नये म्हणून. डॉक्टरनं म्हणे अंधार करून निळा दिवा धरला, तेव्हा केस हिरवे चमकले. नात मला म्हणाली, "आजी, तू त्याला हात लावू नकोस, माणसाला होतं." मी म्हटलं, "मला म्हाईत आहे गं बाई." तिला सांगावंसं वाटलं, पण ती मोबाईलवर होती, म्हणून हे लिहायला बसले.

दिवाळी झाली. भुरीच्या कानामागं बारीक लव फुटली आणि मायच्या दंडावर नुसता डाग राहिला. त्यानंतर मायला उशीर करायला कारण उरलं नाही. कौतिकाकाकूंना तिनं सांगून टाकलं की पोरीच्या बापाला नाही म्हणून कळवा. मग आबांनी गाडी जुंपली. माय, मी, आणि फडक्यानं तोंड बांधलेल्या टोपलीत भुरी. मुलीकडच्या दारात सासूनं आपल्या पायानं जायचं, तेही न बोलावता, अशी रीत आमच्याकडं नव्हती. वाटेत कळमनुरीला आबांनी खणनारळ घेतला. मायनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. कळमनुरी मागं पडल्यावर ती फक्त एकदा बोलली, "त्यांनी दारातून हाकललं तर?" आबा म्हणाले, "तर परत येऊ. त्यांचं बराबरच हाय."

वहिनीची आई दारात उभी होती. या म्हणाली नाही. वहिनी तिच्या मागं. तिचे हात स्वच्छ होते. "तरोटा लावला," तिची आई म्हणाली. "नायटा व्हता. आमच्याकडं लेकराला ठावं असतं. तुमच्याकडं पोरगीच टाकून देतेत वाटतं."

मायनं मान खाली घातली. आमची माय, सारवण चाटून घ्यावं अशा घरची, भर अंगणात, बाजेवरच्या म्हाताऱ्यांसमोर म्हणाली, "माझं चुकलं." हा शब्द मी तिच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता. मग ती वहिनीकडं वळली. "मी काटा टोचला तवा दुखलं व्हतं का गं, बाई?"

वहिनी पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत होती. "व्हय."

"मंग न्हाई काहून म्हणलीस?"

वहिनीनं आपल्या आईकडं पाहिलं. आणि ती आई, जी इतका वेळ दार अडवून उभी होती, तिथंच मटकन खाली बसली. "मीच शिकवलं," ती म्हणाली. "निघताना सांगितलं व्हतं, सासूसमोर हूं म्हणायचं न्हाई, चूं म्हणायचं न्हाई. मेलीस तरी." दोघी बाया एकमेकींकडं बघत बसल्या. वहिनीनं तेवढ्यात टोपलीचं फडकं सोडलं होतं. भुरीला मांडीवर घेऊन ती कानामागचे केस बाजूला करून बघत होती, नीट भरलंय का ते.

ती परत आली. दादा वेशीपर्यंत सामोरा आला होता, पण तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, आणि पुढं कितीतरी दिवस पाहिलं नाही. त्यानं ते निमूट सोसलं. मायनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझ्या घरात दुखलं तर ओरडायचं. गाव गोळा झालं तरी चालंल." वहिनी "बरं, आत्याबाई" म्हणाली. पण ओरडणं सांगून येतं का? तव्याचा चटका बसला तरी ती बोट तोंडात धरायची. एकदा जात्याखाली करंगळी सापडली, नख काळंनिळं झालं, आणि आम्हाला कळलं संध्याकाळी. माय तिच्या मागं मागं असायची, चुलीशी, आडावर. तिच्या हातून काही निसटलं की मायच दचकायची. असं करत वर्षं गेली. मायला मी त्या वर्षांत गाढ झोपलेली पाहिलीच नाही.

पहिलं बाळंतपण वहिनीचं माहेरी झालं. दुसऱ्या वेळी कयाधूला पाणी आलं आणि ती आमच्याकडंच अडली. भर दुपारी कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, "पोरी, ओरड. गप राह्यलीस तर जोर कसा लागंल?" वहिनीचे ओठ दातांखाली, रक्त आलेलं. माय तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "ओरड गं माझे बाई," ती विनवत होती, "तुझ्या पाया पडते, ओरड."

वहिनीनं मान हलवली. "येत न्हाई मला, आत्याबाई."

पुढची कळ आली आणि माय ओरडली. वहिनीचा हात घट्ट धरून, तोंड वर करून, अशी ओरडली की बाहेर ओट्यावर आबांच्या हातातली चिलीम पडली. प्रत्येक कळेला ती ओरडत होती. मी गरम पाणी घेऊन दारात उभी. सुईणीनं आधी हिला वेड लागलं म्हणून पाहिलं, मग ती आपल्या कामाला लागली. बाळ रडलं तेव्हा मायचा घसा पार बसला होता.

पाचवीला गल्लीतल्या बायका आल्या. कौतिकाकाकूंनी बाजेपाशी बसून पहिलं तेच काढलं. "काय गं सुनबाई, घर डोक्यावर घेतलंस की! वेशीपर्यंत आवाज. आमच्या वेळी असलं नव्हतं बाई." बायका हसल्या. माय झटकन पुढं झाली. तिला बोलायचं होतं, पण आवाज फुटेना, म्हणून ती हातानं स्वतःच्या छातीवर मारून दाखवत राहिली, मी, मी. बायकांना वाटलं हिला पाणी पाहिजे, एकीनं तांब्या पुढं केला. मायनं तो ढकलला आणि पुन्हा छातीवर हात मारला. तिचे डोळे भरून आले होते.

वहिनी बाजेवर उठून बसली. बाळ सावरलं. मायचा तो हात धरून तिनं खाली घेतला आणि सगळ्या बायकांच्या देखत, मोठ्यानं म्हणाली, "व्हय, मीच ओरडले. लई दुखलं मला."